बबनचा डावा गाल

शैला थोरवतला कॅन्सरचा वैताग नव्हता. वैताग होता भेटायला येणाऱ्यांचा.

येणारा दारात चपला काढता काढताच चेहरा पाडायचा, कॉटच्या कडेला टेकायचा, पाण्याचा पेला हातात घ्यायचा आणि विचारायचा, "म्हणजे पहिलाच परत आला म्हणायचा?"

"पहिला न्हवं. ह्यो वेगळा हाय."

"पण पहिला पुरता बरा झाला होता ना?"

"झाला होता. अजून बराच हाय."

"मग तिथनंच खाली उतरला असंल."

"उतरला न्हाई. हितंच चढलाय. नवीन पॅसेंजर हाय."

पाहुणा सगळं समजल्यासारखी मान हलवायचा, चहा प्यायचा आणि जाता जाता अंगणात शैलाच्या नवऱ्याला गाठून हळूच विचारायचा, "पहिलाच ना?" जालिंदर थोरवत वीज मंडळात लाइनमन होता. जिथं करंट आहे तिथं हात घालायचा नाही, हे तो खांबावर शिकला होता. तो म्हणायचा, "तसंच काहीतरी."

"तसंच काहीतरी न्हाई," आतून शैलाचा आवाज यायचा.

हा आवाज एस.टी.त घडलेला होता. शैला कंडक्टर म्हणून निवृत्त झाली, तोवर एस.टी.च्या गाड्यांना ड्रायव्हर लागेनासा झाला होता. गाडी स्वतःच वळणं घ्यायची, स्वतःच ब्रेक मारायची. कंडक्टर मात्र ठेवावा लागला. कारण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला "पुढं सरका" म्हणून खरोखर पुढं सरकवील असं यंत्र अजून कुणाला बनवता आलं नव्हतं. तसं एक बनवून बघितलं होतं म्हणतात. लोकांनी त्याच्या डोक्यावर पिशव्या ठेवल्या.

पहिला कॅन्सर झाला त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. उजव्या गालात, आतल्या बाजूला. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. शैला शाळेत असल्यापासून मिश्री लावायची. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं आणि सकाळी बोटानं दातांवर फिरवायचं. बोरजाईवाडीतल्या सगळ्याच बायका हे करायच्या आणि त्यातल्या कुठल्याही एकीला विचारलं असतं, की बाई, तुम्ही तंबाखू खाता का, तर तिनं पदर सावरून "इश्श" म्हटलं असतं. तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात.

गाल कापला, शिवला, मानेला किरणं दिली. शैला उठून बसली आणि पहिलं काम काय केलं, तर मिश्रीचा तवा भंगारात घातला. दुसरं काम म्हणजे सगळ्या घराकडून शपथ घेतली. नवरा जालिंदर, थोरले दीर हणमंतराव ऊर्फ आबा, शेजारीच राहणारी नणंद रत्नमाला, मुलगा तेजस, सगळ्यांनी तिच्या अंथरुणाला हात लावून तंबाखू वर्ज्य केली. आबांना तर एवढं भरून आलं, की त्यांनी व्यसनमुक्ती मंडळच काढलं. स्वतः अध्यक्ष झाले आणि शाळाशाळांतून व्याख्यानं द्यायला लागले.

शपथ घेतली नाही ती एकट्या बबननं. बबन हा शैलाचा धाकटा सख्खा भाऊ. बोरजाईवाडी फाट्यावर त्याची पानपट्टी होती.

"मी कशाची शपथ घेऊ आक्का? माझं दुकानच हाय ते."

"मग दुकान बंद कर."

"दुकान बंद करत न्हाई."

"मग माझ्या दारात येऊ नको."

बबन आला नाही. त्यानंतरच्या सगळ्या भाऊबिजा शैलानं ओवाळणीचं ताट न काढता घालवल्या. फाट्यावर बस थांबली की ती पानपट्टीच्या उलट्या बाजूला बघून गाडी सुटायची डबल बेल द्यायची.

आणि आता हा दुसरा.

सांगलीच्या डॉक्टर मृण्मयी अष्टेकरांना तो वर्षाच्या तपासणीत सापडला. अन्ननलिकेत दुर्बीण घातली, आतून आयोडीन फवारलं. चांगलं अस्तर आयोडीननं तपकिरी होतं, बिघडलेलं पांढरट राहतं. शैलाच्या नलिकेत मधोमध एक मोठा पांढरट पट्टा होता, जवळजवळ गोल फिरलेला, आणि आजूबाजूला बारके ठिपके.

"आमच्या भाषेत ह्याला दुसरा प्राथमिक कॅन्सर म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या.

"मी दहा वर्षं बोट लावलं न्हाई मिश्रीला," शैला म्हणाली. तिचा सूर तक्रार खिडकीवरचा होता.

"मला माहितीय. तुमच्याकडं शेत आहे ना, ताई?"

"दीड एकर. सगळं गाजरगवत."

"बरोबर. गाजरगवत उपटलं, की झालं का?"

"कसलं होतंय? बी पडलेलं असतंय रानभर. पुन्हा येतंय."

"तेच. तोंड, घसा, अन्ननलिका, आतलं अस्तर एकच आहे, सलग. मिश्रीची थुंकी तुम्ही बाहेर टाकत होतात, पण थोडी गिळली जात होती. वर्षानुवर्षं. तिनं जागोजाग पेशींमध्ये लहान लहान बिघाड करून ठेवले. सगळं रान पेरून ठेवलं. त्यातलं एक रोप गालात उगवलं, ते आपण काढलं. हे दुसरं आता उगवलंय. पहिल्याचा फुटवा नाही. दोन्हींच्या पेशींतले बिघाड आम्ही शेजारी ठेवून वाचलेत, एकही जुळत नाही. बी जुनं, रोप नवं."

शैलाला हे पटलं. दहा वर्षं ज्याच्यावर राग धरला होता तो कॅन्सर निर्दोष निघाला आणि हा भलताच कुणी निघाला, याचा मात्र तिला नव्यानं राग आला.

उपाय दोन होते. पहिला जुना: अन्ननलिका काढून टाकायची, जठर वर ओढून त्याची नळी करायची आणि मानेत जोडायची. पण शैलाची मान किरणांनी आधीच भाजलेली. असा जोड धरेलच असं नाही, आवाजाची नसही तिथूनच जाते. डॉक्टर हे सांगताना थांबत थांबत बोलल्या. जालिंदरनं आवाजाचं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. घरात आवाज नसेल अशी कल्पना त्यानं पूर्वी कधीतरी सुख म्हणून केली होती. आता त्यानंच घाईनं दुसरा उपाय विचारला.

दुसरा उपाय नवा होता. रोग अजून वरच्या पापुद्र्यातच होता. तेव्हा दुर्बिणीतून तेवढं अस्तर सोलून काढायचं आणि तिथं नवं जिवंत अस्तर चिकटवायचं. नुसतं सोललं तर जखम आवळत जाते आणि नळी बंद होते, म्हणून अस्तर हवंच. ते गालाच्या आतल्या कातडीपासून वाढवतात. टिकलीएवढा तुकडा घ्यायचा आणि प्रयोगशाळेत त्याचा रुमाल करायचा.

"मग घ्या की माझ्या गालाचा," शैला म्हणाली. "उजवा गेला, डावा हाय."

"तुमचा गाल त्याच रानातला आहे, ताई. दुसऱ्याचा लागेल. पेशींच्या दारावर ज्याची त्याची नावाची पाटी असते, ती आता आम्हाला पुसता येते, त्यामुळं तुमचं शरीर ते अस्तर हाकलणार नाही. पण दाता घरचा पाहिजे. कायदा आहे तसा." गालांचा बाजार सुरू होऊ नये म्हणून सरकारनं तो केला होता. "आणि त्या गालाला तंबाखू कधीच लागलेली नसावी. नाहीतर आपण पुन्हा तेच बी पेरू."

"आमचं सगळं घर निर्व्यसनी हाय," शैला म्हणाली. हे वाक्य ती पुढं बरेच दिवस विसरणार नव्हती.

घर निर्व्यसनी आहे का, हे तपासायला डॉक्टर अष्टेकरांच्या कॅन्सर केंद्रात एक यंत्र होतं. सरकारी नाव 'कपोल-इतिहास-दर्शक'. कापसाची काडी गालात फिरवून यंत्राच्या तोंडात द्यायची. तंबाखूनं केलेल्या बिघाडाचा एक ठरावीक नमुना असतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. यंत्र तो वाचायचं आणि किती वर्षं, कुठल्या प्रकारची, शेवटची केव्हा, ते गोड बाईच्या आवाजात सांगायचं. केंद्रातले लोक त्याला चुगली म्हणत.

ठरल्या दिवशी अख्खं घर गाडी करून सांगलीला गेलं. तेजस पुण्याहून परस्पर आला. दालनात दोन-तीन कुटुंबं आधीच बसली होती.

"निकाल खासगीत ऐकायचा की सर्वांसमोर?" नर्सनं विचारलं.

जालिंदर खासगीत म्हणणार होता. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण आबा उठून उभे राहिले. पांढरा सदरा, छातीवर मंडळाचा बिल्ला.

"सर्वांसमोर. आमच्या कुटुंबाला लपवण्यासारखं काही नाही. बाकीच्यांनाही प्रेरणा मिळेल."

पहिली काडी जालिंदरची.

"तंबाखूचा संपर्क एकेचाळीस वर्षं," चुगली म्हणाली. "प्रकार, चुना लावून मळलेली. शेवटचा संपर्क, आज सकाळी."

शैलानं नवऱ्याकडं बघितलं. जालिंदर छताच्या वायरिंगकडं बघत होता.

"आज सकाळी कधी?"

"गाडीत हवा भरायला थांबलो तवा."

रत्नमाला हातातली पिशवी सांभाळत पुढं झाली. "माझं बघायची काय गरज न्हाई बाई. म्या जन्मात तंबाखूला शिवले न्हाई."

"तंबाखूचा संपर्क पन्नास वर्षं. प्रकार, भाजलेली. शेवटचा संपर्क, आज सकाळी."

"ती मिश्री हाय," रत्नमालानं यंत्राला समजावलं.

"प्रकार, भाजलेली तंबाखू," यंत्र म्हणालं.

"अगं बाई, मिश्री. दात घासायची."

"प्रकार, भाजलेली तंबाखू."

"हिला कायबी कळत न्हाई," रत्नमाला खाली बसत म्हणाली. "वैनी, तुम्ही सांगा की हिला."

वैनी मनात हिशोब लावत होती. मिश्रीनं गाल गेलेली बाई समोर बसली असताना तिच्या कुंपणापलीकडं रोज सकाळी तवा चढत होता आणि तो वास आला, की रत्नमाला सांगायची, मिरच्या करपल्या.

तेजसचा निकाल निघाला सहा वर्षांचा. प्रकार, वाफ. सुगंध, हापूस. तेजस म्हणाला, की पुण्यात सगळेच घेतात आणि ती तंबाखू नसते. मग खाली बघून म्हणाला, की हापूससुद्धा नसतो.

आता उरले आबा. ते एकदम म्हणाले, की मला जरा फोन करायचा आहे. पण दालनातली इतर कुटुंबं आता प्रेरणा घ्यायला सरसावून बसली होती. नर्सनं काडी फिरवली.

"तंबाखूचा संपर्क अठ्ठेचाळीस वर्षं. प्रकार, तपकीर, हिरडीवर लावलेली. गेल्या दहा वर्षांत प्रमाणात लक्षणीय वाढ."

मंडळ स्थापन होऊन दहाच वर्षं झाली होती.

"व्याख्यानाचा ताण असतो," आबा म्हणाले. त्यांनी बिल्ला काढला नाही, फक्त त्यावर उपरणं ओढून घेतलं.

परतीच्या गाडीत पेठ नाक्यापर्यंत आबा खिडकीची काच वर-खाली करत होते. नंतर सगळे एकदम बोलायला लागले. जालिंदर म्हणाला, की तुला वाईट वाटू नये म्हणून लपवलं. तेजस म्हणाला, की तू आरडाओरडा करतेस म्हणून लपवलं. रत्नमालाचं मिश्रीचं चालूच होतं. आबांच्या मते असल्या यंत्रांच्या विश्वासार्हतेबद्दल समाजात चर्चा व्हायला हवी होती.

"मी जगावं असं कुणाला वाटतंय का हितं?" शैलानं विचारलं.

हा प्रश्न तिनं तिकिटाला सुट्टे आहेत का, अशा आवाजात विचारला. त्यामुळं कुणाला रडता आलं नाही. गाडी पुढं जात राहिली.

बोरजाईवाडी फाटा आला. पानपट्टीवर ट्यूब लागली होती. जालिंदर गाडीच्या काचेशी बोलल्यासारखा म्हणाला, "एक गाल राह्यलाय."

"कुणाचा?"

"बबनचा. घरचाच हाय त्यो. कायद्यानं चालतंय."

"पानपट्टीवाल्याचा गाल?" शैला हसली. त्या दिवसातलं ते एकमेव हसू. "त्याच्या गालात यंत्र घातलं तर यंत्राला कॅन्सर होईल."

मग केंद्रातून फोन आला. दुर्बिणीतली ताजी चित्रं तपासली होती. पट्टा अजून वरच्या पापुद्र्यात होता, पण एका कोपऱ्यात खाली जायच्या बेतात दिसत होता. या महिन्यात अस्तर मिळालं तर मिळालं. पुढच्या महिन्यात सोलून भागणार नाही, नलिकाच काढावी लागेल.

शैलानं दोन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. घरच्यांना वाटलं, ती आवाज गेल्यावरची तालीम करते आहे. तिसऱ्या दिवशी तिनं पायात चपला घातल्या आणि फाट्यावर गेली.

बबन कात ढवळत होता. ती समोर उभी राहिली तशी त्यानं हात पुसले, स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"तब्येत?" त्यानं विचारलं.

"दाजींनी सांगितलं असंल की."

"सांगितलं. तपासणीला कधी येऊ म्हणालो, तर म्हणाले आक्काला विचार."

"मग विचारलं का न्हाईस?"

"तुझ्या दारात येऊ नको म्हणाली होतीस."

शैला सरळ मुद्द्यावर आली. "तुझा गाल काय कामाचा असंल असं मला वाटत न्हाई. पण असला, तर माझी अट हाय. आधी हे दुकान बंद करायचं. माझ्या गळ्यात तुझा गाल बसणार आणि तू हितं बसून लोकांचे गाल खराब करणार, हे मला गिळायचं न्हाई."

बबननं मागच्या फळीकडं बघितलं. पुड्या ओळीनं लटकत होत्या. प्रत्येकीवर सडलेल्या गालाचं चित्र होतं. सरकार दरसाल ते मोठं करत होतं आणि आता पुडीवर चित्र सोडून कंपनीच्या नावालाही जागा उरली नव्हती. गिऱ्हाइकं चित्रावरूनच मागायची. निळा गाल द्या. दोन तिरके गाल द्या.

"आक्का, गाल माग, देतो. दोन्ही देतो. दुकान मागू नको."

"मग नको मला."

"जीव जाईल तुझा."

"माझा हाय. मी बघीन."

"मदत मागायला आलेलं माणूस अट घालतंय, हे मी पहिल्यांदाच बघतोय," बबन म्हणाला आणि पुन्हा कात ढवळायला लागला. शैला घराकडं वळली.

नलिका काढायची तारीख ठरवायला शैला सांगलीला गेली. सोबत जालिंदर होता. सगळ्या कुटुंबानं साथ दिली पाहिजे म्हणून आबाही होते, बिल्ल्याशिवाय. दालनात शिरले, तर बबन बाकावर बसलेला. अंगात ठेवणीतला शर्ट, नखं कातानं तांबडी.

"तू कशाला आलास?"

"दवाखाना सगळ्यांसाठी हाय. तुझ्या दारात आलो न्हाई मी."

जालिंदर वायरिंगकडं बघायला लागला. फोन त्यानंच केला होता.

नर्स काडी घेऊन आली. "खासगीत की सर्वांसमोर?"

"कसंबी," बबन म्हणाला.

"खासगीत घ्या," आबा घाईघाईनं म्हणाले. "पानपट्टीचा व्यवसाय आहे त्यांचा. उगाच शोभा नको."

पण काडी यंत्रात गेली होती. या वेळी यंत्रानं वेळ घेतला. आत काहीतरी दोनदा फिरलं.

"तंबाखूचा संपर्क," चुगली म्हणाली आणि थांबली. "शून्य वर्षं. नोंद घेण्याजोगा संपर्क आढळला नाही."

नर्सनं काडी बाहेर काढून बघितली.

"यंत्र बिघडलंय," आबा म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. पुन्हा करा."

पुन्हा केलं. उजवा गाल घेतला. शून्य. डावा घेतला. शून्य. डॉक्टर अष्टेकर स्वतः बाहेर आल्या. या बाजूच्या चार तालुक्यांत, बबनच्या वयाच्या पुरुषाचं हे शून्य त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. त्यांनी बबनची नखं पाहिली.

"तुम्ही व्यवसाय काय करता?"

"पानपट्टी हाय."

"आणि कधीच खाल्ली नाही?"

"एकदा खाल्ली होती. म्हणजे तोंडात घातली होती. तीसुद्धा पोटात गेली न्हाई." बबननं शैलाकडं न बघता सांगितलं. "दुसरीत होतो. वडलांच्या चंचीतनं चिमटीभर तंबाखू काढली आणि गालात धरली. ही उंबऱ्यात बसली होती. उठली आणि ठेवून दिली माझ्या गालावर. तंबाखू बाहेर, दाताचा तुकडा बाहेर. गावातली माणसं बघायला आली, गाल असा सुजला होता. मग पुन्हा धाडस झालं न्हाई. दुकान टाकलं, सगळ्यांना दिली. स्वतःच्या तोंडाजवळ नेली, की गाल दुखायचा."

शैलाला ती थप्पड आठवत होती. थोडासा अभिमानही वाटला. ती म्हणाली, "बरं केलं मी."

"बरंच केलंस. पण एक सांगू? तू मारलंस तवा चार बोटं लाल उठली होती. आणि एक काळं."

शैलानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"उंबऱ्यात बसून दात घासत होतीस तू," बबन म्हणाला. "त्याच हातानं मारलंस. म्या आयला विचारलं, एक बोट काळं का. आय म्हणाली, ती मिश्री हाय, ते येगळं. मला काय कळतंय? मी दुसरीत. मला दोन्हीचा मार सारखाच लागला होता. म्हणून मी मिश्रीपण कधी लावली न्हाई."

घरात ज्या दिवशी भावाला तंबाखूसाठी फोडून काढलं, त्या दिवशी शैला उरलेले दात घासायला पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसली होती. हे तिला आत्ता आठवलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं, तरी तिनं यंत्रासमोरच्या रत्नमालासारखंच उत्तर दिलं असतं.

तिनं तर्जनी पदराला पुसली.

"मग विकतोस कसा रे?" ती म्हणाली. "तुला कळलं होतं, तर विकतोस कसा?"

"मला मारणारी घरात होती," बबन म्हणाला. "गिऱ्हाइकांना मारणारं कुणी न्हाई. ते मागतात, मी देतो."

हे उत्तर काही बरोबर नव्हतं. ते बबनलाही माहीत होतं आणि शैलालाही. पण डॉक्टर घड्याळाकडं बघत होत्या.

"ताई, अस्तर घ्यायचं आहे का? आणि बबनराव, कुठला गाल देता?"

"डावा घ्या," बबन म्हणाला. "तिच्याच हातचा हाय."

शैलानं पदरानं नाक पुसलं. "दुकानाचं नंतर बघते," ती डॉक्टरांना म्हणाली, जणू दुकान त्यांचंच होतं. "घ्या."

रुमाल वाढायला तीन आठवडे लागले. एका सकाळी शैलाला आत नेलं. भूल देणाऱ्यानं तयार आहात का, असं विचारलं, तेव्हा ती "डबल" म्हणाली आणि झोपली. दुर्बिणीतून तो पांढरट पट्टा खालच्या थरापासून सोलून काढला, काठ तपासले, खाली काही उतरलेलं नव्हतं. मग घडी घालून आत नेलेला बबनचा गाल उलगडला आणि नळीच्या भिंतीवर बसवला. वॉलपेपर लावतात तसा, असं डॉक्टरांनी जालिंदरला सांगितलं. जालिंदरनं इन्शुलेशन म्हणून समजून घेतलं.

पहिला घोट पाण्याचा होता. सगळं घर कॉटभोवती उभं. शैलानं तो तोंडात धरला आणि गिळला. सगळे तिच्या मानेकडं बघत होते.

"गेला का?" बबननं विचारलं.

"गेला."

"माझ्या बाजूनं गेला ना?"

"सगळीच बाजू तुझी हाय आता. गप बस."

पुढं सहा महिन्यांनी तपासणी झाली. नव्या अस्तरावरून कापूस फिरवून यंत्रात दिला. "शून्य वर्षं," चुगली शैलाला म्हणाली. बाकीच्या रानावर दरवर्षी नजर ठेवावी लागणार होती, ठिपके अजून होते. पण तेवढ्या वीतभर जागेत, आयुष्यात प्रथमच, तिनं कधीच मिश्री लावलेली नव्हती.

घरी आल्यावर तिनं सामानाची पिशवी तशीच ठेवली आणि फाट्यावर गेली. बबन पानं पुसत होता.

"तू म्हणालास, गिऱ्हाइकांना मारणारं कुणी न्हाई."

"म्हणालो होतो."

"सरक," शैला म्हणाली आणि स्टुलावर बसली.

ती रोज बसायला लागली. दुपारचं जेवण झालं, की यायची ती दिवेलागणीपर्यंत. मारायची नाही कुणाला. उजवा ओढलेला गाल रस्त्याकडं करून बसायची आणि आलेल्या प्रत्येकाला कंडक्टरच्या आवाजात विचारायची, "कुठला गाल पाहिजे?" पुडीवरच्या चित्राकडं न बघता वर्षानुवर्षं तंबाखू नेणाऱ्या माणसाला हा प्रश्न अवघड जायचा. तो फळीकडं बघायचा, शैलाकडं बघायचा, आणि आलोच आहोत तर हात हलवत कसं जायचं म्हणून बडीशेप मागायचा.

रत्नमाला एकदा डोक्यावर पदर ओढून आली. भाजायची पानं घ्यायला. शैलाला बघून तिनं बडीशेप घेतली. आबा गाडी लांब लावून चालत आले. त्यांनीही बडीशेप घेतली आणि एवढ्यावर न थांबता उपक्रमाचं कौतुक केलं. जालिंदर दिवसातून दोनदा यायचा. त्याच्या सगळ्या खिशांत बडीशेप झाली होती. तेजसनं पुण्याहून कळवलं, की त्यानं वाफ सोडली. शैलानं उत्तर पाठवलं, की पुढच्या महिन्यात चुगली बोलेल, तू बोलू नको.

पावसाळा संपता संपता पुड्यांवर धूळ बसली. बबननं एक दिवस फडकं घेतलं, फळी पुसली, पुसता पुसता थांबला.

"आक्का, दुकान बंद कर म्हणालीस, ते म्या ऐकलं न्हाई. म्हणून आता तू चालू ठेवून बंद पाडतेस का?"

"मी काय केलं? मी बसलीय नुसती."

"माणसं पुढच्या थांब्यावरनं चालत येतील, पण फाट्यावर उतरत न्हाईत. बडीशेपेवर संसार व्हतो व्हय? माझा गाल परत दे तू मला."

शैलानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला. गरम प्यायची बंदी होती, म्हणून तो कोमट होईपर्यंत वाट पाहिली. मग एक घोट घेतला. घोट न अडखळता, न टोचता सरळ खाली उतरला. तिनं झाकण खाली ठेवलं.

"ये की घ्यायला," ती म्हणाली आणि उजवा हात मांडीवरून जरासा उचलला.

बबनचा हात त्याच्या नकळत डाव्या गालावर गेला.